टेस्टोस्टेरॉन कमी आलंय? 'ताकदीचं इंजेक्शन' घेण्याआधी एवढं वाचा

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं युसूफ वडगाव. समजा, इथल्या एकाच घरातल्या दोन पुरुषांनी रक्त तपासून घेतलं.

एक २८ वर्षांचा पुतण्या. लग्नाला दोन वर्षं झालीत, अजून पाळणा हललेला नाही, घरात कुजबुज सुरू झालीय. दुसरा त्याचा ५२ वर्षांचा चुलता. दहा वर्षांपासून शुगर आहे, पोट सुटलंय, जेवण झालं की बसल्या जागी डोळा लागतो आणि बायकोशी जवळीक नकोशी वाटते.

दोघांच्या रिपोर्टवर आकडा एकच आला. टेस्टोस्टेरॉन २४०. शेजारी ठळक अक्षरात लिहिलंय, कमी.

आता सल्ले सुरू होतात. जिममधला दोस्त म्हणतो, इंजेक्शन घे, महिन्यात फरक पडेल. मोबाइलवरचं रील म्हणतं, शिलाजीत खा. एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेली जाहिरात तर कित्येक वर्षांपासून 'मर्दानी कमजोरी' घालवायला बसलीच आहे.

हे चुलता-पुतणे काल्पनिक आहेत. पण असे रिपोर्ट घेऊन बसलेले पुरुष आता शहरातही आहेत आणि गावातही. त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की आकडा सारखा असला तरी उपचार सारखा नसतो. चुलत्याला कदाचित उपयोगी पडेल असं इंजेक्शन पुतण्याला दिलं, तर ज्या मुलासाठी सगळी धडपड चाललीय, ते मूल होण्याची शक्यताच त्यामुळे कमी होते.

असं का होतं? आणि उपचारांचे पर्याय नेमके कोणते?

टेस्टोस्टेरॉन करतं तरी काय?

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांमधलं मुख्य लैंगिक हार्मोन. ते प्रामुख्याने वृषणांमध्ये, म्हणजे अंडकोषातल्या दोन ग्रंथींमध्ये तयार होतं. वयात येताना आवाज फुटणं, दाढीमिशी येणं, स्नायू भरणं ही याचीच कामं. पुढे आयुष्यभर कामेच्छा, हाडांची मजबुती, रक्तातल्या लाल पेशी आणि शुक्राणू तयार होणं यात त्याचा वाटा असतो.

स्त्रियांच्या शरीरातही ते थोड्या प्रमाणात असतं. त्यामुळे 'टेस्टोस्टेरॉन म्हणजे मर्दानगी' हे समीकरण जाहिरातीपुरतं ठीक, शरीरशास्त्रात ते चालत नाही.

१९३५ मध्ये शास्त्रज्ञांनी हे हार्मोन वेगळं केलं आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झालं. ते बनवणाऱ्या ॲडॉल्फ ब्यूटेनांट आणि लिओपोल्ड रुझिका यांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. म्हणजे हे औषध काही नवं नाही. नवी आहे ती त्याची चर्चा आणि विक्री.

टाकी, मोटार आणि टँकर

इंजेक्शनाने मूल होण्यात अडथळा कसा येतो, हे समजायला मराठवाड्यातल्या माणसाला फार लांब जावं लागणार नाही. घरावरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा.

टाकीत पाणी कमी झालं की आपोआप मोटार सुरू होते, टाकी भरली की बंद होते. शरीरातही तसंच आहे. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कमी झालं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी दोन संदेश सोडते. एक एलएच, दुसरा एफएसएच. एलएच वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगतं. एफएसएच शुक्राणू बनवायच्या कामाला हातभार लावतं. पातळी पुरेशी झाली की संदेश मंदावतात.

आता टाकीत बाहेरून टँकरने पाणी ओतलं तर? टाकी भरलेली दिसते, मोटार बंद पडते.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर हेच होतं. रक्तातला आकडा छान दिसतो. पिट्युटरीला वाटतं, भरपूर आहे. ती एलएच आणि एफएसएच दोन्ही थांबवते. शुक्राणू बनवायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं आणि ते तिथेच तयार व्हावं लागतं. इंजेक्शनने ते तिथे तेवढं पोचत नाही. शुक्राणू घटत जातात, अनेकांमध्ये शून्यावर येतात. वृषण आकारानेही लहान होऊ शकतात.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून याच इंजेक्शनची चाचणी घेतली होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं गेलं. त्यातल्या १५७ जणांच्या वीर्यातले शुक्राणू पूर्ण नाहीसे झाले.

म्हणजे मूल व्हावं म्हणून जे इंजेक्शन घेतलं जातं, त्याचा अभ्यास मूल होऊ नये म्हणून झालेला आहे.

औषध बंद केल्यावर शुक्राणू परत येतात का? बहुतेकदा येतात, पण वेळ लागतो. अशा गर्भनिरोधक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केल्यावर दिसलं, की ६ महिन्यांत साधारण ६७ टक्के, तर वर्षभरात ९० टक्के पुरुषांची शुक्राणूसंख्या पुरेशी झाली. काहींना दोन वर्षांपर्यंत थांबावं लागलं. हे सगळे निरोगी पुरुष होते आणि डोस मोजून दिलेला होता. जिममध्ये महिनोन्महिने मोठ्या डोसमध्ये स्टिरॉइड घेणाऱ्यांना याहून जास्त काळ लागू शकतो. काहींचं पूर्ववत होतही नाही.

खरंच कमी आहे का? एका रिपोर्टवर ठरत नाही

उपचारांची तुलना करण्याआधी निदान पक्कं हवं. चूक होते ती बहुतेकदा इथेच.

टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखं नसतं. पहाटे आणि सकाळी ते सर्वात जास्त असतं, संध्याकाळपर्यंत उतरतं. तरुणांमध्ये हा फरक आणखी मोठा असतो. जेवणानंतरही आकडा खाली येतो. म्हणून रक्त सकाळी, साधारण ७ ते १० च्या दरम्यान आणि उपाशीपोटी द्यायचं असतं. खेड्यातून पहिली एसटी पकडून, वाटेत चहा-नाश्ता करून, दुपारी एकला लॅबमध्ये दिलेल्या रक्तावरून 'कमी' म्हणणं धोक्याचं आहे.

दुसरा नियम म्हणजे वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासणी. पहिल्यांदा कमी आलेल्या अनेकांचा दुसरा रिपोर्ट नॉर्मल येतो. ताप, डेंग्यू, अपघात, ऑपरेशन अशा आजारपणात तर ही तपासणी करूच नये, कारण तेव्हा पातळी तात्पुरती घसरते.

किती म्हणजे कमी? अमेरिकेतली युरॉलॉजिस्टांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा मानते. वेगवेगळ्या संस्थांच्या सीमा थोड्या वेगळ्या आहेत. पण आकडा कमी असणं आणि लक्षणं असणं, या दोन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत यावर सगळ्यांचं एकमत आहे.

लक्षणंही नीट बघायला हवीत. कामेच्छा कमी होणं, सकाळी झोपेतून उठताना येणारा ताठरपणा जाणं, संभोगावेळी ताठरपणा न टिकणं ही जास्त नेमकी लक्षणं. दाढी विरळ होणं, छातीत गाठीसारखी वाढ होणं, कारण नसताना हाड मोडणं हेही महत्त्वाचं. थकवा, चिडचिड, उत्साह नसणं, झोप न लागणं ही लक्षणं मात्र शंभर कारणांनी येतात. त्यात रक्त कमी असणं, थायरॉइड, शुगर, नैराश्य, कर्जाची चिंता, सगळं आलं.

युरोपातल्या ४० ते ७९ वर्षांच्या ३ हजारांहून अधिक पुरुषांचा एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेमकी लैंगिक लक्षणं आणि कमी पातळी या दोन्ही कसोट्या लावल्यावर त्यात फक्त २.१ टक्के पुरुष उरले. थकलेला प्रत्येक पुरुष टेस्टोस्टेरॉनचा रुग्ण नसतो, हे सांगायला एवढा आकडा पुरे.

कमी झालं कशामुळे?

दुसऱ्या रिपोर्टमध्येही आकडा कमी आला, तर डॉक्टर एलएच, एफएसएच आणि बहुतेकदा प्रोलॅक्टिन तपासायला सांगतात. बिघाड टाकीत आहे की मोटारीत, हे त्यावरून कळतं.

एलएच वाढलेलं असेल, तर पिट्युटरी ओरडून सांगतेय पण वृषण काम करत नाहीत. वयात आल्यानंतर झालेले गालगुंड, वृषणाला पीळ पडणं किंवा मार लागणं, लहानपणी वृषण खाली न उतरणं, केमोथेरपी, क्लाइनफेल्टर सिंड्रोमसारखा जन्मजात गुणसूत्रांचा फरक ही त्याची कारणं.

एलएच कमी किंवा 'नॉर्मल'च असेल, तर संदेशच नीट जात नाहीयेत. पिट्युटरीची गाठ, प्रोलॅक्टिन वाढणं, डोक्याला मार, दीर्घकाळ घेतलेल्या अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या, आधी घेतलेले स्टिरॉइड हे यात येतं. लठ्ठपणा आणि टाइप २ डायबेटिसमध्येही बहुतेकदा हेच चित्र दिसतं. चुलत्याचं प्रकरण इथेच बसण्याची शक्यता मोठी.

अति दारूमुळे दोन्हीकडे फटका बसतो, वृषणांनाही आणि संदेशांनाही.

पर्याय १ : आधी कारण दुरुस्त करा

याला लोक उपचार मानायला तयार नसतात, कारण यात सुई नाही. पण ज्यांचं टेस्टोस्टेरॉन वजन, शुगर किंवा झोपेमुळे घसरलंय, त्यांच्यासाठी हा पहिला उपचार आहे.

शरीरातली चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते आणि मेंदूचे संदेशही दाबते. वजन उतरलं की दोन्ही सुधारतं. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, आहार कमी करून वजन घटवलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन सरासरी ८० नॅनोग्रॅमच्या आसपास वाढलं. अतिलठ्ठ व्यक्तींच्या वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर ही वाढ साधारण २५० होती. २४० वर असलेल्या माणसासाठी ८० ची वाढ म्हणजे सीमारेषा ओलांडणं.

झोपेचंही तसंच. २०११ मध्ये अमेरिकेत १० निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त ५ तास झोपू दिलं. त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. अभ्यास छोटा आहे, पण रात्री दोनला रील बघणाऱ्या मुलांनी आणि पहाटे फडावर जाणाऱ्यांनी दखल घ्यावी असा आहे. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसभर पेंग येणं असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्यावी.

प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल तर त्यावरच्या गोळ्यांनी अनेकदा टेस्टोस्टेरॉन आपोआप वर येतं. आणि तक्रार फक्त ताठरपणाची असेल, तर सिल्डेनाफिलसारखी गोळी टेस्टोस्टेरॉनशिवायही काम करते. मात्र हृदयाच्या दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्यांनी ती अजिबात घेऊ नये. दोन्ही एकत्र झाल्या तर बीपी जीवघेण्या पातळीपर्यंत खाली येऊ शकतं.

फायदा : शुगर, बीपी, हृदय, सगळ्यालाच. मूल होण्यात अडथळा नाही. तोटा : महिने लागतात आणि चिकाटी लागते.

पर्याय २ : इंजेक्शन

भारतात हा सर्वात जास्त वापरला जाणारा प्रकार. यात दोन गट आहेत.

पहिला कमी काळ टिकणारा. दर दोन ते तीन-चार आठवड्यांनी कमरेत घ्यायचा. हा सर्वात स्वस्त. पण सुई घेतल्यावर पहिले काही दिवस पातळी खूप वर जाते आणि पुढच्या सुईपर्यंत खाली येते. त्यामुळे मूड आणि कामेच्छाही वरखाली होते. यातली काही मिश्र इंजेक्शनं शेंगदाण्याच्या तेलात बनवलेली असतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं.

दुसरा गट जास्त काळ टिकणारा, टेस्टोस्टेरॉन अनडिकॅनोएट. याचं इंजेक्शन एरंडेल तेलात असतं. १००० मिलिग्रॅमचा डोस, दुसरा डोस ६ आठवड्यांनी आणि मग साधारण दर १० ते १४ आठवड्यांनी. पातळी बरीच स्थिर राहते. किंमत बरीच जास्त. औषध दाट असल्याने ते खोल आणि सावकाश द्यावं लागतं. क्वचित तेलाचे थेंब फुप्फुसात जाऊन लगेच खोकल्याची उबळ येते, म्हणून इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबणं चांगलं.

बीड जिल्ह्यात एक वेगळा प्रश्न येतो. इथून लाखो मजूर दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते मार्च-एप्रिलला परततात. दर तीन आठवड्यांची सुई आणि तीन महिन्यांनी रक्ततपासणी हे वेळापत्रक फडावर पाळणं अवघड. मध्येच सुया बंद झाल्या तर आधीच झोपलेली मोटार लगेच सुरू होत नाही आणि काही आठवडे आधीपेक्षा जास्त थकवा जाणवू शकतो. उपचार सुरू करण्याआधी 'हंगामात मी कुठे असेन' हे डॉक्टरांना सांगणं म्हणूनच गरजेचं आहे.

पर्याय ३ : जेल

रोज सकाळी खांद्यावर किंवा दंडावर चोळायचं. पातळी दिवसभर बऱ्यापैकी सारखी राहते. त्रास झाला तर लगेच बंद करता येतं, सुईसारखं औषध शरीरात आठवडे राहत नाही.

याचा धोका घरातल्यांना आहे. जेल लावलेली त्वचा बायकोच्या किंवा लहान मुलांच्या अंगाला लागली तर औषध त्यांच्या शरीरात जातं. अशा मुलांमध्ये अवेळी वयात आल्याची चिन्हं दिसल्यानंतर अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये जेलवर ठळक इशारा छापणं बंधनकारक केलं. म्हणून जेल लावल्यावर हात साबणाने धुवायचे, जेल वाळू द्यायचं, वर कपडा घालायचा. एकाच खोलीत किंवा कोपीत सगळं कुटुंब अंगाला अंग लावून झोपत असेल, तर हा पर्याय निवडताना दहादा विचार करावा.

पर्याय ४ : तोंडाने घ्यायची औषधं

टेस्टोस्टेरॉन अनडिकॅनोएटच्या कॅप्सूल मिळतात. दिवसातून दोनदा, थोडे तेल-तूप असलेल्या जेवणासोबत घ्याव्या लागतात. नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही. पातळी प्रत्येकात कमी-जास्त येते.

जुन्या पद्धतीच्या मिथाइलटेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या यकृताला इजा करतात. या आजारासाठी त्या आता घेऊ नयेत, असंच तज्ज्ञ सांगतात.

लक्षात ठेवा : सुई, जेल, कॅप्सूल, काहीही घेतलं तरी हा टँकरच आहे. शुक्राणूंवरचा परिणाम तिन्हींत होऊ शकतो.

पर्याय ५ : मूल हवं असेल तर

मग पुतण्याने काय करायचं? त्याच्यासाठी टँकर नको, मोटार दुरुस्त करायची.

सर्वात आधी वीर्य तपासणी. शेवटच्या वीर्यस्खलनानंतर २ ते ७ दिवसांनी ही तपासणी करतात. त्यात शुक्राणू व्यवस्थित असतील तर सगळा विचारच बदलतो.

पिट्युटरीचे संदेश कमी पडत असतील, तर एलएचसारखं काम करणारं एचसीजीचं इंजेक्शन आठवड्यातून दोन-तीनदा देतात. गरजेनुसार एफएसएचही जोडतात. यामुळे वृषण स्वतः टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि शुक्राणूही तयार होऊ लागतात. ज्यांना जन्मापासून ही अडचण आहे त्यांना वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात. औषधाची संख्या जास्त, खर्च जास्त.

दुसरा मार्ग क्लोमिफीन. ही गोळी मूळची स्त्रियांमधल्या वंध्यत्वासाठीची. पुरुषांमध्ये ती पिट्युटरीला जास्त एलएच-एफएसएच सोडायला लावते. पुरुषांसाठी हा वापर अधिकृत मंजुरीच्या चौकटीबाहेरचा आहे. तरीही तज्ज्ञ निवडक रुग्णांत तो करतात, कारण त्याने मोटार बंद पडत नाही. डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, मूड बदलणं असे त्रास काहींना होतात. आणि वृषणच निकामी असतील, तर संदेश वाढवून उपयोग नसतो.

पर्याय ६ : अश्वगंधा, शिलाजीत आणि 'बूस्टर'

अश्वगंधाने टेस्टोस्टेरॉन थोडं वाढल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. पण निदान झालेल्या रुग्णाचा आजार त्याने बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. अश्वगंधाच्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. शिलाजीतबाबतचा पुरावाही तुटपुंजाच आहे.

डबीत नेमकं काय आहे, हा वेगळाच प्रश्न. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी साधारण एक पंचमांशात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. 'ताकदी'च्या पुड्यांमध्ये गुपचूप सिल्डेनाफिल मिसळल्याचंही नियामकांना वारंवार आढळलंय. हृदयरोग्यासाठी ते जिवावर बेतू शकतं.

आणि हो, लैंगिक क्षमता वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायला भारतात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानेच बंदी आहे. भिंतीवरची ती जाहिरात बेकायदा आहे.

फायदा किती, धोका किती?

खरोखर कमतरता असलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉनचा फायदा होतो, यात शंका नाही. पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या ७९० पुरुषांवरच्या चाचणीत कामेच्छा आणि लैंगिक आयुष्य थोडं सुधारलं. उत्साह वाढावा, थकवा जावा, या अपेक्षेत मात्र ठोस फरक दिसला नाही.

शुगरचं काय? २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात लठ्ठ आणि डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्या १००७ पुरुषांना वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात घेतलं. निम्म्यांना सोबत टेस्टोस्टेरॉन, निम्म्यांना खोटं इंजेक्शन दिलं. दोन वर्षांनी डायबेटिस असलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे १२ आणि २१ टक्के होतं. आशादायक निकाल. पण टेस्टोस्टेरॉन घेतलेल्या २२ टक्के पुरुषांचं रक्त धोक्याच्या पातळीपर्यंत दाट झालं. म्हणून शुगर टाळण्यासाठी सरसकट हे औषध देत नाहीत.

हृदयविकाराबद्दल बरीच वर्षं भीती होती. २०२३ मध्ये ५ हजारांहून अधिक पुरुषांवरच्या ट्रॅव्हर्स चाचणीने काहीसा दिलासा दिला. हार्ट अटॅक, पक्षाघात यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत वाढलं नाही. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात रक्ताची गुठळी आणि किडनीला अचानक इजा या गोष्टी त्यांच्यात थोड्या जास्त दिसल्या.

पुढे मूल हवं आहे, प्रोस्टेट किंवा स्तनाचा कॅन्सर आहे, रक्त आधीच दाट आहे, गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालाय, हृदय फेल्युअर आटोक्यात नाही किंवा स्लीप ॲप्नियावर उपचार सुरू नाहीत, अशांना सहसा टेस्टोस्टेरॉन देत नाहीत. सुरू केल्यावर ३ ते ६ महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी टेस्टोस्टेरॉन, हिमॅटोक्रिट म्हणजे रक्ताचा दाटपणा आणि वयानुसार प्रोस्टेटची पीएसए चाचणी करावी लागते. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवतात.

दाखवायचं कुणाला?

टेस्टोस्टेरॉन डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवं. मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिलं किंवा जिमच्या ट्रेनरने टोचलं, तर तो उपचार नाही.

युसूफ वडगावच्या माणसाने सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यातून करावी. बीपी, शुगर, वजन, रक्ताची प्राथमिक तपासणी तिथे होते आणि निम्मं कोडं तिथेच सुटू शकतं. पुढे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे 'स्वाराती' म्हणतात, तिथल्या मेडिसिन विभागात दाखवता येतं. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर हार्मोनतज्ज्ञ म्हणजे एंडोक्रायनोलॉजिस्ट लागतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तो स्वतंत्र विभाग आहे. मुलाचा प्रश्न असेल तर युरॉलॉजिस्ट किंवा वंध्यत्वतज्ज्ञ.

लाज वाटते? ती आजची नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं, तेव्हा त्यात वाचक असेच खासगी प्रश्न विचारत. त्यांना उत्तरं दिली म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये तो लढवायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले. पण आज हाच प्रश्न सरकारी ओपीडीत केसपेपर काढून विचारता येतो.

चुलत्याने आणि पुतण्याने काय करावं?

चुलत्याने दुसऱ्यांदा सकाळी उपाशीपोटी रक्त द्यावं. एलएच, प्रोलॅक्टिन, शुगरची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड तपासावं. शुगर आणि वजन आटोक्यात आणायला सहा महिने मनापासून द्यावेत. तरीही आकडा कमी आणि त्रास कायम राहिला, मूल नको असेल, प्रोस्टेट आणि रक्त ठीक असेल, तर परवडेल ते इंजेक्शन किंवा जेल डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायला हरकत नाही.

पुतण्याने दुसरी रक्ततपासणी तर करावीच, सोबत वीर्य तपासणीही करावी. तोपर्यंत 'ताकदीचं' कुठलंही इंजेक्शन घेऊ नये. कुणी आधीच दिलं असेल तर ते लपवू नये, नाव आणि तारीख डॉक्टरांना सांगावी.

मूल होत नाही तेव्हा आपल्याकडे पहिल्यांदा दवाखान्यात नेतात ती सुनेला. तिची सोनोग्राफी होते, तिला उपास-नवस लावले जातात, टोमणेही तिलाच. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, कधी एकटं, कधी दोघांचं मिळून. पुतण्याने गुपचूप घेतलेल्या एका इंजेक्शनने त्याच्या वीर्यातले शुक्राणू घटले, तर पुढचे दोन वर्षं बोलणी त्याची बायको खाणार. आणि तिच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येत राहणार.

म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर, टेबलावर रिपोर्ट ठेवायच्या आधी, एक वाक्य स्वतःहून सांगा : 'आम्हाला मूल हवं आहे' किंवा 'आता नको आहे'. कोणता उपचार निवडायचा, याचा निम्मा निर्णय त्या एका वाक्यावर होतो.